थंड हवामानातील हस्तभरित काडतुसांची विश्वासार्हता

हस्तभरित काडतूस म्हणजे कारखान्यात तयार न होता शिकाऱ्याने किंवा नेमबाजाने स्वतः हातयंत्राच्या साहाय्याने भरलेले काडतूस होय. एकदा वापरलेली पितळी पुंगळी साफ करून, तिला पुन्हा मूळ मापात आणून, तीत नवे प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवून असे काडतूस तयार करतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आदी देशांत ही प्रथा कायदेशीर व रूढ आहे. या देशांतील शिकारीचा हंगाम बहुधा शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात येतो. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेले व उन्हाळ्यातच तपासलेले काडतूस शून्याखाली २० किंवा ३० अंश सेल्सिअस तापमानात तसेच वागेल काय, हा प्रश्न तेथील शिकाऱ्यांपुढे नेहमी उभा राहतो.

या प्रश्नाला तीन अंगे आहेत. पहिले, बार उडेल की नाही. दुसरे, उडाला तर गोळीचा वेग व नेम पूर्वीसारखा राहील की नाही. तिसरे, थंडीसाठी केलेला बदल उष्ण हवेत धोक्याचा ठरेल की नाही. प्रस्तुत लेखात या तिन्ही अंगांचा विचार केला आहे.

इतिहास

काडतुसे स्वतः भरण्याची प्रथा धातूच्या पुंगळीइतकीच जुनी आहे. १८७० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गव्यांची (बायसन) शिकार करणारे व्यावसायिक शिकारी आपली काडतुसे मुक्कामावरच पुन्हा भरत असत. त्या काळची दारू काळी होती. कोळसा, गंधक व सोरा यांच्या त्या मिश्रणाचा धूर दाट होई आणि नळीत काजळी साचे. मात्र ती सहज पेट घेई व थंडीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. त्यानंतर १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल व जेम्स देवार यांनी कॉर्डाइट ही दारू सिद्ध केली. नव्या दारूमुळे गोळीचा वेग पुष्कळ वाढला, पण तापमानाप्रमाणे दाब कमीअधिक होण्याचा गुणही तिच्यासोबत आला. प्रथम जाणवला तो उष्णतेचा त्रास. भारत व आफ्रिका येथील उन्हात कॉर्डाइटच्या काडतुसांचा दाब वाढून पुंगळ्या चेंबरमध्ये अडकत. म्हणून ब्रिटिश बंदूककारांनी उष्ण कटिबंधासाठी कमी दारूची वेगळी काडतुसे काढली. थंडीचा प्रश्न हा याच गुणधर्माची दुसरी बाजू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची शिल्लक दारू मोठ्या प्रमाणावर व स्वस्तात विक्रीस आली. ब्रूस हॉजडन यांनी ती घाऊक विकत घेऊन शिकाऱ्यांना किरकोळ विकण्यास आरंभ केला. याच काळात घरी काडतुसे भरण्याच्या छंदाचा मोठा प्रसार झाला. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस, तापमानातील फरकाला कमी दाद देणारी दारू बाजारात आली आणि थंड प्रदेशातील शिकाऱ्यांत ती लोकप्रिय झाली.

काडतुसाची रचना आणि बार उडण्याची क्रिया

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, प्रायमर, दारू व गोळी. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने फायरिंग पिन प्रायमरवर आदळते. प्रायमरमधील आघाताने पेटणारे मिश्रण (आधुनिक प्रायमरमध्ये मुख्यतः लेड स्टिफनेट) पेट घेते व त्याची ज्वाला पुंगळीच्या तळाच्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. दारूचे दाणे पृष्ठभागावरून आत जळत जातात. त्यातून निर्माण होणाऱ्या वायूंच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. .३०-०६ स्प्रिंगफील्ड या प्रसिद्ध काडतुसासाठी युरोपीय मानकाने ठरवलेली कमाल दाबमर्यादा ४,०५० बार आहे. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट आहे. गोळी नळीत असते तो सर्व काळ एक ते दीड मिलिसेकंदाचा असतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा वेळेवर व पुरेशा जोराने काम करील तरच बार नीट उडतो. थंडी यांपैकी एकाच दुव्याला धक्का देत नाही, ती थोड्याफार प्रमाणात सर्वांनाच सैल करते. जो दुवा मुळात कमजोर असेल, तो थंडीत तुटतो. हस्तभरित काडतुसांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण तेथे प्रत्येक दुवा एकाच माणसाने, बहुधा एकट्याने आणि दुसऱ्या कुणाच्या तपासणीविना जोडलेला असतो.

थंडीचे परिणाम

दारूवरील परिणाम

दारूचा दाणा पेटण्यासाठी त्याचा पृष्ठभाग आधी ज्वलनबिंदूपर्यंत तापावा लागतो. नायट्रोसेल्युलोजसाठी हे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअस आहे. २५ अंश तापमानाच्या दाण्याला तेथवर पोहोचण्यासाठी १४५ अंशांची, तर उणे २० अंशांच्या दाण्याला १९० अंशांची वाढ लागते. ही जादा उष्णता ज्वलनातूनच खर्ची पडते. त्यामुळे दाणे सावकाश जळतात, कमाल दाब घटतो व गोळीचा वेग कमी होतो.

हा फरक सर्व प्रकारच्या दारूत सारखा नसतो. दाण्याचा आकार, त्यातील नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण आणि दाण्यावरील ज्वलन मंद करणारा लेप यांवर तो अवलंबून असतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या गोलाकार दाण्यांच्या दारूवर हा लेप जाड असतो. त्यामुळे ती पेटवणे तुलनेने कठीण जाते व थंडीत तिला जोरकस प्रायमर लागते. लांबट दाण्यांच्या काही आधुनिक दारूंमध्ये मात्र तापमानाचा परिणाम बराच कमी केलेला असतो. ऑस्ट्रेलियात तयार होणारी व अमेरिकेत ‘एक्स्ट्रीम’ या मालिकेखाली विकली जाणारी दारू हे त्याचे एक परिचित उदाहरण आहे.

अतिशीत तापमानात याच्या उलटही घडू शकते. दारूचे दाणे ठिसूळ होऊन प्रज्वलनाच्या धक्क्याने तडकले, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि दाब घटण्याऐवजी उसळतो. हा धोका मुख्यतः तोफांच्या दारूच्या व अग्निबाणांच्या अभ्यासात पुढे आला. म्हणून थंडीत दाब नेहमी कमीच होतो, असे गृहीत धरून दारूचे प्रमाण वाढवणे चूक ठरते.

प्रायमरवरील परिणाम

प्रायमरमधील मिश्रण थंडीतही पेट घेते. पण थंड दारूला पेटवण्यास त्याची ज्वाला अपुरी पडू शकते. तसे झाल्यास दारू थोडी थांबून पेटते. यास विलंबित बार म्हणतात. दारू अजिबात पेटली नाही, तर फुसका बार होतो. मोठ्या पुंगळीत मंद जळणारी दारू असेल, तर अधिक ज्वाला देणारे ‘मॅग्नम’ प्रायमर वापरण्याची पद्धत आहे. मात्र प्रायमर बदलल्यास दाबही बदलतो. त्यामुळे दारूचे प्रमाण कमी करून पुन्हा पायरीपायरीने वर जावे लागते. शिसेरहित प्रायमर पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले असले, तरी त्यांच्या आरंभीच्या पिढ्यांबाबत थंडीतील अनियमिततेच्या तक्रारी होत्या.

पितळ व गोळीवरील परिणाम

थंडीत पितळ ठिसूळ होऊन पुंगळी फुटते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. काही जातींचे पोलाद कडक थंडीत ठिसूळ होते, पण पितळाच्या स्फटिकरचनेमुळे त्यात तसा बदल होत नाही. आकुंचनामुळे पुंगळी चेंबरमध्ये सैल होते, हा आणखी एक समज. पितळाचा प्रसरण गुणांक पोलादापेक्षा प्रति अंश सुमारे ०.०००००७ ने जास्त आहे. १२ मिलिमीटर व्यासाची पुंगळी ४५ अंशांनी थंड झाली, तर दोहोंतील अंतर ०.००४ मिलिमीटरांहूनही कमी वाढते. एवढ्याने काहीही बिघडत नाही.

हवेवरील परिणाम

थंड हवा दाट असते. दाब तोच राहिला, तर २५ अंशांच्या तुलनेत उणे २० अंशांची हवा सुमारे १८ टक्के अधिक दाट असते. त्यामुळे गोळीला होणारा विरोध वाढतो. हा परिणाम काडतुसाच्या दोषामुळे होत नाही व कारखान्यातील काडतुसालाही तो टळत नाही. तरीही अनेकदा त्याचे खापर दारूवर फोडले जाते.

उदाहरणादाखल गणित

समजा, १० ग्रॅम वजनाची गोळी २५ अंश तापमानात सेकंदाला ८५० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तापमानाला दाद देणाऱ्या जुन्या धाटणीच्या दारूत ४५ अंशांच्या घसरणीने सेकंदाला सुमारे २५ मीटरची घट येणे शक्य आहे. म्हणजे वेग ८२५ मीटर होतो. ही घट ३ टक्के आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळपास ६ टक्क्यांनी घटते व ३,६१० ज्यूलवरून ३,४०० ज्यूलवर येते.

३०० मीटर अंतर कापताना अशी गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे पाऊण मीटर खाली येते. वेगातील घटीमुळे त्यात ४ ते ५ सेंटिमीटरांची भर पडते. दाट हवेचा परिणाम मिळवल्यास एकूण फरक ७ ते ८ सेंटिमीटरांच्या आसपास जातो. हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास ढोबळमानाने २० ते २५ सेंटिमीटर धरतात. म्हणजे १०० ते १५० मीटरांवरच्या शिकारीत हा फरक नगण्य आहे, ३०० मीटरांवर विचारात घेण्याजोगा आहे आणि त्यापुढे तो निर्णायक ठरू शकतो.

यावरून असे दिसते की, सामान्य अंतरावर थंडीतील खरी अडचण वेगाची नसून बार उडण्याची आहे. ज्या विषयावर शिकारी सर्वाधिक चर्चा करतात तो, म्हणजे वेगातील घट, प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुय्यम असतो.

बंदुकीचा दोष आणि काडतुसावरील आळ

थंडीत बार न उडण्याचे एक अगदी नेहमीचे कारण काडतुसात नसून बंदुकीत असते. बोल्टमधील तेल किंवा ग्रीस गोठून घट्ट होते, फायरिंग पिनची गती मंदावते व प्रायमरवर पुरेसा आघात होत नाही. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याची शस्त्रे वंगण गोठल्याने निकामी झाली होती. १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत अमेरिकी सैन्यालाही तोच अनुभव आला. या दोन्ही ठिकाणी काडतुसे कारखान्यातीलच होती.

म्हणून थंड प्रदेशातील शिकारी हंगामापूर्वी बोल्ट पूर्ण खोलून, तेल पुसून काढून, तो कोरडा ठेवतात किंवा थंडीसाठीचे पातळ वंगण अगदी अल्प लावतात. फुसक्या बाराच्या प्रायमरवरील खळगा पाहिल्यास दोष कोठे आहे याचा अंदाज येतो. खळगा उथळ असेल, तर आघात कमी पडला असावा. खळगा पुरेसा खोल असूनही बार उडाला नसेल, तर संशय प्रायमर किंवा दारूवर जातो.

बाष्प हा दुसरा शत्रू होय. थंड बंदूक उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव साचते. तीच बंदूक पुन्हा बाहेर नेली की त्या पाण्याचा बर्फ होऊन बोल्ट जाम होतो. यासाठी मुक्कामात बंदूक रिकामी करून बाहेरच, सुरक्षित व बंद जागी ठेवण्याचा किंवा घरात आणल्यास पूर्ण वाळवण्याचा प्रघात आहे. नळीच्या तोंडातून आत गेलेला बर्फ तर प्राणघातक ठरू शकतो, कारण अडथळा असलेल्या नळीतून बार उडवल्यास नळी फुटते.

घरी भरताना राहणाऱ्या त्रुटी

पुढील त्रुटी उन्हाळ्यात झाकल्या जातात व थंडीत उघड्या पडतात.

प्रायमर पूर्ण न बसणे : प्रायमरचा खळगा नीट साफ न केल्यास प्रायमर तळाला टेकत नाही. पिनचा पहिला आघात प्रायमर खाली बसवण्यातच खर्ची पडतो. दुसऱ्या आघाताने बार उडतो, पण तोवर शिकार निघून गेलेली असते. उन्हाळ्यात पिन जोरात आदळत असल्याने हा दोष लक्षातच येत नाही.

पुंगळीचा खांदा प्रमाणाबाहेर मागे सारणे : पुंगळी मूळ मापात आणताना तिचा खांदा गरजेपेक्षा मागे गेला, तर काडतूस चेंबरमध्ये पुढे सरकण्यास वाव राहतो. पिनचा काही जोर ते पुढे ढकलण्यात वाया जातो. अशा पुंगळीला आतून ताण बसून ती तळाजवळ तुटण्याचाही धोका असतो.

तेलाचा अंश राहणे : मापन साच्यासाठी पुंगळीला लावलेले वंगण आत राहिल्यास प्रायमर व दारू दोन्ही बिघडू शकतात. तेलकट बोटांनी प्रायमर हाताळणेही टाळले जाते.

पुंगळी ओली राहणे : पुंगळ्या पाण्यात घोळवून साफ करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. त्या पूर्ण वाळल्या नाहीत, तर तळाशी व प्रायमरच्या छिद्रात राहिलेला ओलावा दारूत मुरतो.

दारू कमी पडणे किंवा राहून जाणे : दारूविना काडतुसात केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकू शकते. त्यामागून दुसरा बार उडवल्यास नळी फुटते. मोठ्या पुंगळीत मंद दारू प्रमाणापेक्षा फार कमी भरणेही अनियमित प्रज्वलनाला आमंत्रण देते. थंडीत हा दोष बळावतो.

दारूतील आर्द्रता बदलणे : धूरविरहित दारूत अल्प प्रमाणात पाणी असते व ते भोवतालच्या हवेप्रमाणे कमीअधिक होते. हिवाळ्यात शेगडीने तापवलेल्या घरातील हवा अतिशय कोरडी असते. डबा उघडा राहिल्यास दारू सुकते, अधिक वेगाने जळते व दाब वाढतो. म्हणजे ‘हिवाळ्यात भरलेली’ काडतुसे आणि ‘हिवाळ्यात वापरलेली’ काडतुसे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

छर्ऱ्यांची काडतुसे

बदकांसारख्या पाणपक्ष्यांची शिकार हिवाळ्यात, पाण्याकाठी व ओल्या हवेत होते. तीसाठी छर्ऱ्यांची काडतुसे वापरतात. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेले पोलादी छर्रे हलके असल्याने त्यांना अधिक वेग द्यावा लागतो. त्यासाठी मंद जळणारी दारू लागते व तीच थंडीत पेटण्यास कठीण असते. शिवाय दारू व छर्रे यांमधील प्लास्टिकचा डट्टा थंडीत कडक होतो. त्यामुळे वायू बाजूने निसटतो व दाब पुरेसा चढत नाही. अशा वेळी ‘भुस्स’ असा दबका आवाज येतो आणि डट्टा नळीत अडकलेला असू शकतो. तसा आवाज आल्यास पुढचा बार उडवण्यापूर्वी नळी तपासणे अत्यावश्यक मानले जाते.

चाचणीच्या पद्धती

काडतुसांची अधिकृत दाबचाचणी सर्वसाधारण तापमानाला, सुमारे २१ अंश सेल्सिअसला होते. उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या लष्करी चाचण्यांत मात्र २१ अंशांखेरीज ५२ अंश व उणे ५४ अंश या तापमानांनाही काडतुसे तपासतात. छंद म्हणून काडतुसे भरणाऱ्याजवळ अशी साधने नसतात. तो पुढील मार्ग वापरतो.

पहिला मार्ग म्हणजे घरगुती शीतपेटीत सुमारे उणे १८ अंशांना रात्रभर ठेवलेली काडतुसे बर्फाच्या डब्यातून मैदानावर नेऊन वेगमापकावर तपासणे. यात एक चूक हमखास होते. बाराने तापलेल्या चेंबरमध्ये थंड काडतूस काही क्षणांतच गरम होते व निष्कर्ष फसवे निघतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष हिवाळ्यात, बंदूक व काडतुसे दोन्ही तासन् तास बाहेर ठेवून, हंगामापूर्वी नेम पुन्हा जुळवून घेणे. यात बंदुकीचे वंगण, दुर्बीण, हातमोज्यातील बोट अशा सर्वच गोष्टींची परीक्षा होते, म्हणून हा मार्ग अधिक भरवशाचा मानतात.

चाचणीतील संख्येचाही विचार हवा. वेगाची सरासरी दहा-वीस बारांत कळते, पण बार उडण्याची खात्री तेवढ्याने होत नाही. संख्याशास्त्रातील ‘तीनचा नियम’ असे सांगतो की, न चुकता क्ष बार उडाले, तर दोषाचे प्रमाण ३ भागिले क्ष याहून कमी आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. २० बार सलग उडाले, तरी दोषाचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असू शकते. ते एक टक्क्याहून कमी आहे असे म्हणण्यासाठी ३०० बार न चुकता उडावे लागतील. ‘माझे काडतूस आजवर कधी फसले नाही’ या विधानाचे वजन या हिशेबाने जोखले पाहिजे.

उलट दिशेचा धोका

थंडीसाठी केलेली सर्वांत धोकादायक चूक थंडीत दिसतच नाही. हिवाळ्यात वेग कमी भरला म्हणून एखादा शिकारी दारू वाढवून वेग पूर्ववत करतो. त्या तापमानात दाब मर्यादेत राहतो. पण त्या काडतुसांतील उरलेली काडतुसे पुढच्या उन्हाळ्यात, उन्हात उभ्या मोटारीत तापून, बंदुकीत भरली जातात. आता तापमान साठ-सत्तर अंशांनी चढलेले असते व दाब सुरक्षित मर्यादा ओलांडतो. बोल्ट अडकणे, प्रायमर फुटणे, पुंगळी फाटणे आणि क्वचित बंदूक फुटून डोळा वा हात गमावणे हे त्याचे परिणाम होत.

म्हणून दारू-उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील कमाल प्रमाण कोणत्याही ऋतूत ओलांडू नये, हा या क्षेत्रातील मूलभूत नियम आहे. वेग कमी पडत असल्यास दारू वाढवण्याऐवजी तापमानाला कमी दाद देणारी दारू निवडणे किंवा कमी अंतरावरूनच बार टाकणे हे मार्ग सुरक्षित मानतात. प्रत्येक डब्यावर दारूचा प्रकार, प्रमाण, तारीख व चाचणीचे तापमान लिहून ठेवण्याची शिस्तही याचसाठी आहे.

बार न उडाल्यास घ्यावयाची काळजी

फुसका बार झाल्यास बोल्ट लगेच उघडत नाहीत. तो विलंबित बार असू शकतो व उघड्या बोल्टमध्ये दारू पेटल्यास नेमबाजाच्या चेहऱ्याला इजा होते. नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबणे, नंतर काडतूस काढून ते वेगळे ठेवणे व नळी मोकळी असल्याची खात्री करणे, हा सर्वमान्य क्रम आहे.

शिकारीची नीती आणि कायदा

दुबळ्या किंवा चुकलेल्या बाराची सर्वाधिक किंमत जनावराला मोजावी लागते. उत्तरेकडील हिवाळ्यात दिवस लहान असतो, ताजा बर्फ माग पुसून टाकतो आणि जखमी जनावर रात्रभर तडफडत राहते. म्हणून अनेक देशांच्या शिकारविषयक कायद्यांत गोळीच्या किमान ऊर्जेची अट असते. स्वीडनमध्ये मूस या मोठ्या सांबरवर्गीय प्राण्यासाठी १० ग्रॅम वा अधिक वजनाच्या गोळीला १०० मीटरांवर किमान २,००० ज्यूल ऊर्जा असावी लागते. वरील उदाहरणातील काडतूस थंडीतही ही अट सहज पूर्ण करते. मात्र मर्यादेच्या जवळपास असलेल्या सौम्य काडतुसांना ही घट महाग पडू शकते.

जेथे शस्त्र स्वसंरक्षणासाठी आहे, तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात वस्तीबाहेर जाणाऱ्यांना ध्रुवीय अस्वलांपासून बचावाची तयारी ठेवावी लागते. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये हे प्राणी संरक्षित असल्याने बार हा अखेरचा उपाय समजला जातो. तो अखेरचा असल्यामुळेच फुसका निघून चालत नाही. अशा कामासाठी हस्तभरित काडतुसांऐवजी कारखान्यातील नवी काडतुसे घ्यावीत, असा सावध सल्ला दिला जातो.

लष्करी व क्रीडा क्षेत्रातील अनुभव

ग्रीनलंडच्या ईशान्य भागात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक, पहिल्या महायुद्धाच्या काळातील एम १९१७ एनफील्ड या बोल्ट रायफली दीर्घकाळ वापरत आले आहे. कॅनडाच्या उत्तर भागातील रेंजर्स या दलाने १९४७ पासून अनेक दशके ली-एनफील्ड रायफली वापरल्या व अलीकडे त्यांच्या जागी सी १९ ही नवी बोल्ट रायफल स्वीकारली. हाताने चालवायच्या बोल्टला वायूच्या दाबाची गरज नसते. थंडीत दाब घटला तरी पुढचे काडतूस चढते, हे या निवडीमागील एक महत्त्वाचे कारण होय. अर्धस्वयंचलित बंदुकीत दाब कमी पडल्यास यंत्रणा अर्ध्यावर अडते.

बायथलॉन या स्कीइंग व नेमबाजीच्या संयुक्त खेळात १९७८ पासून .२२ लाँग रायफल ही लहान काडतुसे वापरतात. त्यांचे प्रायमर पुंगळीच्या कडेतच असल्याने ती पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून थंडीसाठी खास तयार केलेली काडतुसे उत्पादकांकडूनच घ्यावी लागतात. उणे २० अंशांखाली तापमान गेल्यास ही स्पर्धा सुरू केली जात नाही.

भारतातील संदर्भ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतात शिकारीवर बंदी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हस्तभरित शिकारी काडतुसांची परंपरा येथे नाही. काडतुसांच्या औद्योगिक उत्पादनाशी मात्र महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. राजस्थानचे वाळवंट आणि हिमालयातील बर्फाच्छादित ठाणी या दोन टोकांच्या हवामानांत एकच काडतूस चालावे लागते. त्यामुळे तापमान व दारू यांचा संबंध भारतीय सैन्यासाठीही तितकाच महत्त्वाचा आहे.

हेही पाहा

काडतूस
नायट्रोसेल्युलोज
कॉर्डाइट
बायथलॉन
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२